मुंबईत दारू सोडणाऱ्यांची मीटिंग कशी गाठायची: पहिल्यांदा जाणाऱ्यासाठी

लोकलच्या डब्यात खिडकीच्या वर चिकटवलेला तो कागद तुम्हीही वाचला असेल. 'दारू सोडवा, पिणाऱ्याच्या नकळत.' खाली मोबाईल नंबर. भांडुप ते सीएसएमटी मी तो अकरा वर्षं वाचला, आणि दर वेळी वाटायचं, हा माझ्या बायकोसाठी लावलाय. आपणच आपल्यासाठी काही शोधायचं असतं हे डोक्यात शिरायला फार उशीर झाला. शिरल्यावरही पहिली मीटिंग गाठायला चार महिने लागले. मुंबईत मीटिंगांचा दुष्काळ आहे असं नाही. मीच जिथे तिथे चुकलो. तुमचे ते चार महिने वाचावेत म्हणून हे लिहितोय. नाव लिहीत नाही, त्याचं कारण पुढे येईल.

१. रोज पीत असाल तर आधी डॉक्टर

सकाळी उताऱ्याची नाईंटी लागत असेल, चहाचा कप धरताना हात थरथरत असेल, तर 'उद्यापासून एकदम बंद' हा प्रयोग एकट्याने घरात करू नका. मर्दानगी दाखवायची ही जागा नव्हे. शरीराला दारूची सवय झालेली असते. ती अचानक तुटली की शेवटच्या घोटानंतर साधारण ६ ते २४ तासांत घाम, थरथर, उलट्या सुरू होतात, झोप उडते. काहींना पहिल्या दोन दिवसांत फिट येते. दोन ते चार दिवसांच्या दरम्यान भास होणं, माणसं न ओळखणं, ताप चढणं असंही होऊ शकतं. डॉक्टर त्याला 'डीटी' म्हणतात, आणि उपचार मिळाले नाहीत तर त्यात माणूस जातो. आमच्या चाळीत एकाला भिंतीवर मुंग्या दिसायला लागल्या, तेव्हा घरच्यांनी त्याच्यावरून नारळ उतरवला आणि वाट बघत बसले. नशिबाने समोरच्या खोलीतल्या नर्सबाई ड्युटीवरून घरी आल्या.

केईएम, सायन, नायर, जे.जे. या मोठ्या रुग्णालयांत मानसोपचार विभागाची ओपीडी असते. खिडकीवर केसपेपर काढताना 'सायकियाट्री' म्हणा, कोणी वर मान करून बघतही नाही. बरोबर घ्या:

- आधार कार्ड
- जुने रिपोर्ट, विशेषतः लिव्हरचे, असतील तर
- चालू गोळ्यांची पाकिटं (नावं आठवत बसू नका, पाकिटंच न्या)
- एक माणूस, जो तुम्ही किती पिता हे खरं सांगेल

शेवटचं सर्वांत महत्त्वाचं. मी डॉक्टरांना 'एक क्वार्टर' सांगितलं, बायको शेजारून म्हणाली, 'घरात एक.' डॉक्टरांनी तिचं लिहून घेतलं. गोळ्या त्या हिशेबाने ठरतात, त्यामुळे इथे खोटं बोललात तर भोगणार तुम्हीच.

फिट आली किंवा माणूस असंबद्ध बोलायला लागला तर ओपीडीची वाट बघू नका, १०८ लावा.

२. नेमकं काय शोधतोय ते ठरवा

इथे बहुतेकांचा घोळ होतो, कारण तीन वेगवेगळ्या गोष्टींना आपण एकच 'सेंटर' म्हणतो.

पहिली गोष्ट रुग्णालय, ते वर झालं. दुसरी, व्यसनमुक्ती केंद्र, जिथे काही आठवडे राहायचं असतं. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून आहे, मराठी घरांत हे नाव पहिलं निघतं. मुंबईत वांद्र्याला फादर जो परेरांनी १९८१ साली सुरू केलेलं कृपा फाउंडेशन आहे. तिसरी गोष्ट म्हणजे मीटिंग. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, बोलताना सगळे नुसतं 'एए' म्हणतात. इथे डॉक्टर नाही, गोळी नाही, पलंग नाही, फी नाही. पिणं सोडलेली आणि सोडू पाहणारी माणसं तास-दीड तास एका खोलीत बसतात, एवढंच. सभासद व्हायची अट एकच: दारू सोडायची इच्छा. सुटलेली असलीच पाहिजे असं नाही.

केंद्रातून आलेल्यांनाही पुढे मीटिंगला जायला सांगतात, कारण केंद्राच्या फाटकाबाहेर पडलं की स्टेशन, आणि स्टेशनबाहेर परमिट रूम. भारतात एए १९५७ साली आलं आणि तेव्हापासून मुंबईत मीटिंगा भरतायत. मराठी, हिंदी, इंग्रजी अशा वेगवेगळ्या भाषांत भरतात. मराठीच हवी असेल तर तसं सांगून मागा. मी पहिल्यांदा इंग्रजी मीटिंगला गेलो आणि सगळी ताकद व्याकरणात गेली.

एक शब्द लक्षात ठेवा. 'ओपन' मीटिंगला कोणीही येऊ शकतं, बायको, भाऊ, नुसता बघायला आलेला. 'क्लोज्ड' मीटिंग फक्त दारूचा त्रास असणाऱ्यांची.

३. नेटवर शोधा, पण फोन करा

'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस मुंबई' असं टाकलंत की एएच्या भारतातल्या कार्यालयाचं संकेतस्थळ मिळतं. सापळा त्याच्याही वर असतो. सर्चमध्ये पहिले दोन-तीन निकाल बहुधा खासगी केंद्रांच्या जाहिराती असतात. मी त्यातल्याच एकावर फोन केला. पलीकडची मुलगी गोड बोलली, मीटिंगचं नाव काढलं की 'हो सर, तेही आहे' म्हणाली, आणि पाचव्या मिनिटाला विचारलं, 'सर, गाडी पाठवू का घ्यायला?' ओळखायची खूण साधी आहे: पैशाचा आकडा, पॅकेज, गाडी यातलं काहीही निघालं की ते एए नाही. फोन ठेवा.

थेट एएला फोन करायची हिंमत होत नसेल तर दोन सरकारी नंबर आहेत, दोन्ही मोफत. १४४४६ ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन. १४४१६ ही टेलिमानस, मानसिक आरोग्याची, तिथे मराठीतही बोलता येतं.

फोनची लाज वाटत असेल तर एक गोष्ट सांगतो, मला ती ग्रुपमध्येच कळली. १९३५ च्या मे महिन्यात बिल विल्सन नावाचा शेअर बाजारातला माणूस अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावात एका हॉटेलच्या लॉबीत उभा होता. धंद्याचं काम फिसकटलेलं, दारू सोडून जेमतेम पाच महिने झालेले. लॉबीच्या एका टोकाला बार, दुसऱ्या टोकाला टेलिफोन. तो टेलिफोनकडे गेला, चर्चच्या यादीतून नंबर काढून लावत सुटला, कोणी दारूडा ओळखीचा आहे का विचारत. त्यातून त्याची गाठ डॉक्टर बॉब स्मिथ या पिणाऱ्या सर्जनशी पडली आणि त्या दोघांतून एए उभं राहिलं. म्हणजे या सगळ्याची सुरुवातच अनोळखी माणसाला केलेल्या आगाऊ फोनने झालीय. तुमच्या फोनचं कोणालाही नवल वाटणार नाही.

फोनवर हे विचारा आणि कागदावर लिहा, लक्षात राहत नाही:

- मीटिंग कोणत्या वारी, किती वाजता, कुठल्या भाषेत?
- ओपन की क्लोज्ड?
- इमारतीत कुठल्या गेटने, कितवा मजला, कोणती खोली?
- तिथे पोचल्यावर कोणाला फोन करू?
- आज नक्की आहे ना?

पाचवा प्रश्न मी माझ्या एका संध्याकाळच्या मोबदल्यात शिकलो. बऱ्याच मीटिंगा महापालिकेच्या शाळांत किंवा चर्चच्या हॉलमध्ये भरतात. मी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत आलेल्या यादीवरून एका शाळेत गेलो, तर गेटवर पोलीस. निवडणूक होती, शाळेत मतदान केंद्र. हवालदाराने विचारलं, 'काय काम?' मी म्हटलं, 'काही नाही,' आणि वळलो. स्टेशनच्या वाटेवर जे लागतं ते लागलंच. फॉरवर्ड झालेली यादी किती जुनी आहे ते त्या यादीला कळत नाही. म्हणून त्याच दिवशी दुपारी फोन करायचा. परीक्षा, सुट्ट्या, गणपती, तुंबलेलं पाणी, काहीही असू शकतं.

४. आधी वेळ निवडा, जागा नंतर

या लेखातलं बाकी सगळं विसरलात तरी चालेल, हे विसरू नका.

नवा माणूस मीटिंग निवडताना एकच हिशेब करतो: ओळखीचं कोणी भेटणार नाही अशी जागा. भांडुपचा माणूस बोरिवली निवडतो. मी मीरा रोड निवडलं होतं. दोन गाड्या बदलून जाणं, दोन गाड्या बदलून येणं, घरी पोचायला साडेदहा. तीन आठवडे गेलो. चौथ्या आठवड्यात पाऊस होता, पाचव्यात 'आता आठवडा चुकलाच आहे' होतं.

मग ग्रुपमधल्या एका म्हाताऱ्याने, बंदरातून निवृत्त झालेला माणूस, फोनवर सरळ विचारलं, 'तू प्यायचास किती वाजता?' मी सांगितलं, ऑफिस सहाला सुटतं, सात-सव्वासातला भांडुपला उतरलो की. म्हणाला, 'मग सात वाजताची मीटिंग शोध. मीरा रोडची साडेआठची तुझ्या काय कामाची? तोवर दोन पेग होतात.'

तसंच केलं. एक संध्याकाळी पावणेसातची सापडली, माझ्या ऑफिस आणि घराच्या मधल्या स्टेशनला, पासावरच जाता येण्यासारखी. ज्या वेळेला माझे पाय आपोआप वळायचे त्या वेळेला मी बाकावर बसलेलो असायचो. बाहेर पडेपर्यंत सव्वाआठ झालेले, भूक लागलेली, आणि भुकेला दारूपेक्षा डबा आठवतो. माझ्या बाबतीत जे काही झालं ते बरंचसं या वेळापत्रकाने झालं असं माझं मत आहे. ग्रुपमधले काही माझ्याशी सहमत नाहीत, ते म्हणतात देवाने केलं. असेल. पण देवाने पावणेसातच्या मीटिंगने केलं.

तर कागद घ्या. डावीकडे तुमची पिण्याची वेळ वारानुसार लिहा. शिफ्ट असेल तर सकाळही लिहा. रविवार दुपार वेगळी लिहा, मटणाच्या वासाबरोबर येणारी. उजवीकडे त्या वेळेची, जाण्यायेण्याच्या वाटेवरची मीटिंग. रिकाम्या राहिलेल्या वारांसाठी ऑनलाइन मीटिंग धरा. लॉकडाऊननंतर त्याही रुळल्या आहेत. पण सुरुवातीला नुसत्या ऑनलाइनवर राहू नका, कॅमेरा बंद करून कपात काय आहे ते कोणाला दिसत नाही.

आणि ओळखीचं कोणी भेटलं तर? मला भेटले. आमच्याच सोसायटीचे माजी सेक्रेटरी. ते तिथे कशाला आले असतील याचा विचार केल्यावर माझी भीती गेली.

५. बरोबर काय न्यायचं

जवळजवळ काही नाही. आधार नको, फोटो नको, फॉर्म नाही, रजिस्टरमध्ये सही नाही. आडनाव कोणी विचारत नाही. नाव न सांगणं ही एएची परंपराच आहे. पेपरात, टीव्हीवर सभासद म्हणून आपलं पूर्ण नाव द्यायचं नाही, म्हणून मीही इथे देत नाही. नेलंतच तर वाचायचा चष्मा न्या, कारण एएच्या पुस्तकातलं पान वाचायला एखाद वेळी तुमच्याकडे येतं. दहा-वीस रुपये सुटे असू द्या. शेवटी थैली फिरते, त्यातून हॉलचं भाडं आणि चहा निघतो. पहिल्या दिवशी टाकले नाहीत तरी चालतं, आणि बाहेरच्या कुणाकडून देणगी घ्यायची नाही असा त्यांचा नियम आहे.

पिऊन गेलं तर चालतं का, असं मी फोनवर विचारलं होतं. 'या. फक्त आज बोलू नका, ऐका,' असं उत्तर मिळालं. रोज पिणाऱ्याला आदल्या दिवशीपासून कोरडं राहून या म्हणणं तसंही वरच्या मुद्दा क्रमांक एकच्या विरोधात जाईल.

६. गेटपासून दारापर्यंत

सर्वांत जास्त माणसं इथून परत जातात. मोठा बोर्ड नसतो. वॉचमनला 'दारू सोडायची मीटिंग' असं विचारायची जीभ उचलत नाही. विचारू नका. 'मीटिंग कुठे आहे?' एवढंच म्हणा, त्याला माहीत असतं, तो दर आठवड्याला तुमच्यासारखेच चेहरे बघतो. दहा मिनिटं आधी पोचा. उशिरा पोचलात तर भरलेल्या खोलीचं दार ढकलावं लागतं, आणि ते मला दोनदा जमलं नव्हतं. आधी गेलात तर सतरंज्या घालणारा किंवा चहा आणणारा एखादा असतो, तो स्वतःच बोलायला लागतो. घरून निघाल्यावर फोनवरच्या माणसाला 'निघालो' कळवा, बहुतेक वेळा तो गेटवर येऊन उभा राहतो.

चर्चचा हॉल असेल तर घरची मंडळी विचारतात, 'बाटवणार तर नाहीत ना?' हॉल भाड्याचा असतो, धर्म कोणाचा विचारत नाहीत. एएच्या बारा पायऱ्यांत, म्हणजे दारू सोडायच्या त्यांच्या वाटेवरच्या टप्प्यांत, 'आपल्याला उमजलेला ईश्वर' असे शब्द येतात. ज्याला जो उमजला तो. मी पंढरीचा धरला. शेजारचा निरीश्वरवादी आहे, तो म्हणतो माझा ईश्वर हा ग्रुप. भांडण झालेलं मी पाहिलं नाही.

७. आत काय होतं

माझी ती पहिली खोली तिसरीच्या वर्गाची होती. फळ्यावर बाराचा पाढा, बाक एवढे बुटके की गुडघे छातीला लागत होते. पस्तीशी-साठीतली वीसेक माणसं त्या बाकांवर. सुरुवातीला प्रार्थना, मग पुस्तकातलं एक पान, मग 'शेअरिंग'. एकेक जण नाव सांगतो, 'मी अल्कोहोलिक' म्हणतो आणि स्वतःबद्दल बोलतो. मधे कोणी बोलत नाही, सल्ला देत नाही. तुमच्याकडे पाळी आली तर 'आज नुसतं ऐकतो' म्हणायचं, पुरतं. मला वाटलं होतं प्रवचन असेल. एक जण मुलीच्या शाळेच्या गॅदरिंगला पिऊन गेल्याचं सांगत होता, आणि मी खाली मान घालून बसलो, कारण गॅदरिंगचा महिनासुद्धा तोच होता.

चहा आला. वाटणाऱ्याने सगळ्यांना पेपरचा कप काठोकाठ भरून दिला, मला अर्धाच. राग आला. मग कप उचलला तेव्हा लक्षात आलं की भरलेला असता तर निम्मा शर्टावर गेला असता. तो माझ्या हाताकडे बघून पुढे गेलेला होता.

संपल्यावर लगेच पळू नका. दोन-तीन नंबर घ्या. स्त्रियांनी स्त्रियांचे घ्या. फक्त स्त्रियांच्या मीटिंगाही भरतात, फोनवर विचारा. पुढे कधीतरी 'स्पॉन्सर' करा म्हणतील. पैशाचा संबंध नाही. जुना सभासद, ज्याला पिण्याआधी फोन करायचा. नंतर करून उपयोग नसतो, तेव्हा आपणच भलते शूर झालेलो असतो.

८. पहिल्या तीन महिन्यांतले खड्डे

जुने लोक सांगतात, ९० दिवसांत ९० मीटिंगा. नोकरीवाल्याला ते जड जातं. मला आठवड्याला चार जमल्या. एका ग्रुपवरून मत बनवू नका. कुठे वातावरण जमत नाही, कुठे एखादाच अर्धा तास बोलतो. तीन-चार ग्रुप फिरा, मग एक धरा.

'श्रावण पाळतो म्हणजे मी बेवडा नाही' हा आपला खास मराठी खड्डा. मी सलग सात वर्षं श्रावण कडक पाळला. गटारीला पुढच्या महिन्याचा कोटा आधीच संपवायचो आणि गणपती गेले की व्याजासकट वसूल. महिनाभर थांबता येतं म्हणून मीटिंगची गरज नाही असं वाटत असेल, तर उरलेल्या अकरा महिन्यांचा हिशेब करा. माळ घातली, शपथ घेतली, तरी मीटिंग चालते. दोन्ही एकमेकांच्या आड येत नाहीत.

आणि लोकलमधला तो कागद. 'नकळत' दिलेल्या पुडीत नेमकं काय असतं याचा भरवसा नसतो. दारू सोडवण्याची डायसल्फिराम नावाची गोळी खरोखरच असते, पण ती घेतलेल्या माणसाने वर दारू प्यायली तर छातीत धडधड, उलट्या, रक्तदाब कोसळणं, जिवावर बेतण्यापर्यंत जातं. म्हणून ती डॉक्टर तपासून, त्या माणसाला सांगून, त्याच्या संमतीने देतात. वरणात कालवून नव्हे.

९. घरच्यांसाठी

पिणारा तयार नसला तरी तुम्ही जाऊ शकता. 'अल-अ‍ॅनॉन' नावाच्या मीटिंगा नातेवाइकांसाठीच असतात, आणि मुक्तांगणचा बायकांसाठी 'सहचरी' गट आहे. माझी बायको माझ्याआधी पाच महिने जात होती. मला सांगायची भजनी मंडळ. तिथून आल्यापासून तिने माझ्या ऑफिसला 'ताप आलाय' असे फोन करणं बंद केलं. दुसऱ्याच सोमवारी साहेबांना खरं कळलं, आणि मी पहिल्यांदा नंबर शोधायला बसलो.

१०. स्लिप झाली तर

प्यायली गेली तर त्याला ग्रुपमध्ये 'स्लिप' म्हणतात. माझी पाचव्या महिन्यात झाली, विसर्जनाच्या रात्री, ट्रकच्या मागे, प्लास्टिकच्या ग्लासात. दुसऱ्या दिवसापासून मी दोन आठवडे तोंड लपवलं. ती चूक स्लिपपेक्षा मोठी. स्लिप झाली की पुढचीच मीटिंग गाठायची. चार-पाच दिवस पीत गेला असाल तर आधी पुन्हा या लेखातला मुद्दा क्रमांक एक, म्हणजे डॉक्टर. सांगायचं असेल तर सांगायचं, नसेल तर मागच्या बाकावर बसायचं.

मी गेलो तेव्हा कोणी काही विचारलं नाही. सूत्रसंचालन करणाऱ्याने पुस्तक पुढे केलं, आजचं पान तुम्ही वाचा म्हणून. घाईत चष्मा ऑफिसातच राहिला होता. शेजारच्याने न बोलता स्वतःचा काढून दिला. त्याचा नंबर माझ्यापेक्षा जास्त होता, पुस्तक हातभर लांब धरावं लागलं, पण वाचता आलं.